अपंग नायक-नायिका असलेल्या प्रेमकादंबऱ्या ई-बुकमध्ये: शोधायच्या कशा, वाचायच्या कशा?

वाचनकट्टा_फोंडा

नमस्कार मंडळी. फोंड्यातल्या आमच्या वाचनकट्ट्यावर पुढचे काही महिने प्रेमकादंबऱ्या वाचायच्या ठरल्या आहेत. अट अशी की नायक किंवा नायिका अपंग असावी आणि गोष्ट तिच्या प्रेमाची असावी. शेवटच्या प्रकरणात शस्त्रक्रिया होऊन दृष्टी परत येते, किंवा जोडीदारावर ओझे नको म्हणून नायक जीव देतो, असले शेवट नकोत.

कट्ट्यावर दोघे दृष्टिहीन आहेत. एकाकडे अँड्रॉइड फोन आहे, दुसरीकडे विंडोजचा लॅपटॉप आणि एनव्हीडीए (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्रॅम). एका सभासदाला मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे, त्यामुळे पुस्तक धरणे आणि पान उलटणे जमत नाही. एक जण कर्णबधिर. बाकीचे डोळस. सगळ्यांनी एकच पुस्तक एकाच वेळी वाचायचे तर ई-बुकच हवे. नुसते ऑडिओबुक घेतले तर कर्णबधिर सभासद बाहेर राहतो. मराठीला पहिली पसंती, इंग्रजी चालेल, देवनागरी कोंकणीही चालेल.

विचारायचे आहे ते असे. 'डिसेबल्ड रोमान्स' टाकले की भलतेच काही वर येते, तर शोधायचे कसे? मराठी पीडीएफ दिली की फोन कधी गप्प बसतो, कधी अगम्य बडबडतो, ते का? हात न वापरता पाने कशी उलटायची? आणि अपंगांसाठीच्या ऑनलाइन ग्रंथालयाचे सभासदत्व गोव्यात बसून कसे मिळवायचे? चोरीच्या पीडीएफचे दुवे कृपया नकोत.

शोधयात्री_डिचोली

शोधण्यापुरते मी लिहिते, तांत्रिक भाग इतर जाणकार सांगतील.

सर्वसाधारण शब्द टाकून शोधू नका. दुकानातला शोध मुख्यतः शीर्षक, उपशीर्षक आणि प्रकाशकाने लिहिलेल्या चार ओळींवर चालतो, आणि जिथे अपंगत्वाचा गाजावाजा शीर्षकातच असतो ती पुस्तके बहुधा 'बरे होण्याची' कथा सांगतात. नेमकी स्थिती टाका: व्हीलचेअर यूजर, डेफ हिरोईन, ब्लाइंड हिरो, क्रॉनिक पेन, सेरेब्रल पाल्सी, ऑटिस्टिक. तिच्यापुढे 'कन्टेम्पररी रोमान्स' किंवा 'हिस्टॉरिकल रोमान्स' जोडा. इंग्रजी पुस्तकांसाठी हे सगळे अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करायचे. 'वूंडेड हिरो' टाकलेत तर युद्धातून परतलेले सैनिक आणि चेहऱ्यावर व्रण असलेले ड्यूक यांची रांग लागते. तिथे अपंगत्व बहुतेक वेळा नायकाच्या रागाचे कारण म्हणून येते आणि लग्न ठरले की लेखक ते विसरून जातो.

'एम्प्यूटी' (हात किंवा पाय गमावलेली व्यक्ती) या शब्दाने शोधताना एक काळजी घ्या. त्यात शरीराच्या त्या अवयवाच्या आकर्षणासाठीच लिहिलेली पुस्तके मिसळलेली असतात. परिचयात नायिकेचे नाव, व्यवसाय, स्वभाव काहीच नाही आणि सगळे वर्णन तुटलेल्या पायाभोवतीच फिरते आहे, असे दिसले की ते पुस्तक कट्ट्याच्या कामाचे नाही.

दुकानाआधी वाचकांच्या साइटवर जा. गुडरीड्सवर वाचकांनी केलेल्या याद्या मिळतात, शिवाय एखाद्या पुस्तकाच्या परीक्षणांमध्ये शब्द शोधण्याची सोय आहे. तिथे 'क्युअर', 'मिरॅकल', 'बर्डन' हे शब्द शोधा. शेवट कसा आहे ते पाच मिनिटांत कळते. द स्टोरीग्राफ त्याहून उपयोगी. तिथे वाचक प्रत्येक पुस्तकाला इशारे जोडतात आणि ते ग्राफिक, मॉडरेट, मायनर अशा तीन पातळ्यांत मांडलेले असतात. 'एबलिझम' (अपंगांशी होणारा भेदभाव) ग्राफिकखाली असेल तर लगेच पुस्तक सोडू नका. नायिकेला समाज कसा वागवतो हे प्रामाणिकपणे लिहिले असेल तरीही वाचक तो इशारा देतात. मात्र त्याच्या जोडीला 'सुसाइड' आणि 'डेथ' वर असतील तर तुम्हाला नको असलेला शेवट जवळपास नक्की. जोजो मोयेस यांच्या 'मी बिफोर यू' (२०१२) या कादंबरीवर हाच आक्षेप आहे: मानेखाली लुळा पडलेला नायक प्रेम मिळूनही मरण निवडतो. २०१६ साली त्यावरचा चित्रपट आला तेव्हा अपंग कार्यकर्त्यांनी जाहीर निषेध केला होता. 'अपंग नायक, प्रेमकथा' असे कुणालाही विचारा, पहिले नाव हेच येते, म्हणून मुद्दाम सांगते.

सुरुवातीला दोन नावे सुचवीन. हेलन होआंग यांची 'द किस कोशंट' (२०१८): नायिका ऑटिस्टिक, आणि लेखिका स्वतःही ऑटिस्टिक आहे. तालिया हिबर्ट यांची 'गेट अ लाइफ, क्लोई ब्राउन' (२०१९): नायिकेला फायब्रोमायल्जिया आहे आणि रोजच्या वेदनेचा, थकव्याचा हिशेब कथेच्या प्रत्येक भेटीत येतो. दोन्हींत शरीरसंबंधांची वर्णने मोकळी आहेत, ते कट्ट्यावर आधीच सांगून ठेवा. शार्लट ब्राँटेची 'जेन एअर' (१८४७) फुकट आणि कायदेशीर मिळते, प्रोजेक्ट गुटेनबर्गवर ईपब (ई-बुकची फाइल) आहे. आगीत नायक रॉचेस्टरची दृष्टी आणि एक हात जातो आणि त्यानंतरच लग्न होते. पण पुढे एका डोळ्याला काहीशी दृष्टी परत मिळते. तुमची अट तिथे मोडते. तरी चर्चेला हे पुस्तक उत्तम आहे.

मराठीत अडचण वेगळी. 'दिव्यांग' टाकून जुनी कादंबरी सापडत नाही, कारण तिच्या परिचयात आंधळी, मुकी, पांगळा, लंगडा, कुबड्या, पोलिओ हेच शब्द असतात. नव्या लेखनात दृष्टिहीन, कर्णबधिर, व्हीलचेअर. हे सगळे शब्द एकेक करून टाका, आणि 'व्हीलचेअर', 'व्हीलचेयर', 'व्हील चेअर' ही तिन्ही लेखने वेगवेगळी शोधा. प्रतिलिपीवर प्रेमकथांचा साठा प्रचंड आहे; तिथे शेवटच्या दोन भागांखालच्या प्रतिक्रिया आधी वाचाव्यात, म्हणजे चमत्काराने बरे होणे आहे की नाही ते कळते. बुकगंगावर परिचय वाचा आणि नमुना पाने मिळत असतील तर तीही.

नमुना वाचताना मी दोन गोष्टी बघते. त्या व्यक्तीला स्वतःचे काम, पैसा आणि मित्र आहेत का? आणि घराच्या पायऱ्या, बसची उंची, दुभाषी, औषधाची वेळ असल्या गोष्टी लेखकाला दिसतात का? ज्या पुस्तकात व्हीलचेअर कुठल्याही दारातून सहज आत जाते, ते पुस्तक त्या खुर्चीचा विचार न करता लिहिलेले असते.

युनिकोडवाला_म्हापसा

पीडीएफचा प्रश्न. फोन गप्प बसतो तेव्हा त्या फाइलमध्ये अक्षरे नसतातच, पानांचे फोटो असतात. अगम्य बडबडतो तेव्हा अक्षरे असतात पण ती श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये. त्या फॉन्टमध्ये पडद्यावर 'क' दिसत असला तरी आत साठवलेले असते इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह, आणि फोन ते इंग्रजी म्हणून वाचतो.

विकत घेण्याआधी किंवा उतरवल्याबरोबर ही परीक्षा करा. एक परिच्छेद निवडून कॉपी करा आणि व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवा. निवडताच आला नाही तर फोटो. इंग्रजी अक्षरांची गिचमिड उतरली तर जुना फॉन्ट. स्वच्छ मराठी उतरले तर युनिकोड, म्हणजे खरी देवनागरी अक्षरे साठवलेली. पण युनिकोड पीडीएफमध्येही ऱ्हस्व इकार आणि रफार जागा सोडतात, जोडाक्षरे फुटतात, कारण पीडीएफ अक्षरांचा क्रम जपत नाही, पानावरची जागा जपते. म्हणून ईपब मिळत असेल तर पीडीएफला हात लावू नका. ई साहित्य प्रतिष्ठानची पुस्तके फुकट आणि मराठीत आहेत, त्यांच्या पीडीएफवरही ही परीक्षा करूनच निवड करा.

जुना फॉन्ट असेल तर कन्व्हर्टर वापरता येतो, मात्र फॉन्टचे नाव नेमके कळायला हवे. पीडीएफ रीडरमध्ये फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये 'फॉन्ट्स' हा भाग असतो, तिथे ते दिसते. चुकीचा फॉन्ट निवडला तर निम्मी अक्षरे बरोबर आणि निम्मी चूक येतात, आणि ती निस्तरण्यापेक्षा ओसीआर, म्हणजे पानाच्या फोटोतली अक्षरे संगणकाकडून ओळखून घेणे, परवडते.

ओसीआरसाठी पाने ३०० डीपीआयला, ग्रेस्केलमध्ये स्कॅन करा. गूगल ड्राइव्हवर चढवा, फाइलवर राइट क्लिक करून 'ओपन विथ', मग 'गूगल डॉक्स'. फाइल २ एमबीपर्यंत असावी असे गूगलच सांगते, त्यामुळे कादंबरीचे छोटे तुकडे करून द्या, एकदम दोनशे पाने दिली तर मधेच काम थांबते. भ आणि म, घ आणि ध यांची अदलाबदल, गळलेले अनुस्वार, ओळीच्या शेवटी तुटलेले शब्द हे तपासावे लागतात. प्रत्येक पानावरचे पुस्तकाचे नाव आणि पान क्रमांक काढून टाका, नाहीतर नायिका 'हो' म्हणते आहे तेवढ्यात आवाज 'एकशे बेचाळीस' वाचतो. हे काम डोळस सभासदांनी प्रकरणे वाटून घेऊन करावे.

अँड्रॉइडवर मराठी आवाज: सेटिंग्ज, ॲक्सेसिबिलिटी, टेक्स्ट टू स्पीच, तिथे गूगलच्या इंजिनपुढचे चाक दाबून 'इन्स्टॉल व्हॉइस डेटा' आणि त्यात मराठी. आवाज फोनवर उतरवून ठेवला की नेट लागत नाही. सत्तरीत किंवा पेडण्याच्या आतल्या गावात पावसाळ्यात हे फार कामाचे. ईपब गूगल प्ले बुक्समध्ये चढवला की तीन ठिपक्यांच्या मेनूत 'रीड अलाउड' मिळते. पडदा बंद झाला की वाचन थांबते, ही तक्रार नेहमीची. कारण फोनची बॅटरी बचत त्या ॲपला झोपवते. ॲपच्या माहितीत जाऊन बॅटरी 'अनरिस्ट्रिक्टेड' करा. देवनागरी कोंकणी पुस्तक हाच मराठी आवाज समजेल इतपत वाचतो. रोमी (रोमन लिपीतल्या) कोंकणीचे मात्र काही करता येत नाही, ते इंग्रजी उच्चारांत जाते.

लॅपटॉपवर एनव्हीडीएबरोबर ई-स्पीक येतो, त्यात मराठी आहे. आवाज यांत्रिक आहे, पण वेग वाढवला तरी शब्द तुटत नाहीत. कादंबरीला गोड आवाज हवा असेल तर एज ब्राउझरचे 'रीड अलाउड' वापरा (कंट्रोल, शिफ्ट आणि यू). त्यात मराठीचे आरोही आणि मनोहर हे आवाज आहेत, नेट मात्र लागते. एज आता ईपब उघडत नाही. नक्कल रोखणारे कुलूप नसलेला ईपब कॅलिबर या ई-बुकच्या प्रोग्रॅममध्ये घालून टीएक्सटी (साधा मजकूर) करा आणि ती फाइल एजमध्ये उघडा.

विकतचे किंडल पुस्तक घेताना तपशिलात 'स्क्रीन रीडर: सपोर्टेड' आहे का ते पाहा. गूगल प्लेवर 'ओरिजिनल पेजेस' एवढेच लिहिले असेल तर ते फोटोंचे पुस्तक. किंडलची फाइल संगणकावर उतरवून घ्यायची सोय ॲमेझॉनने फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली, त्यामुळे ते पुस्तक किंडल ॲपमध्येच नीट वाचता येते की नाही याची खात्री नमुन्यावरच करून घ्या.

वाचनकट्टा_फोंडा

देव बरें करूं! यातून दोन प्रश्न निघाले. ओसीआर करून तयार केलेली प्रत कट्ट्यावर सगळ्यांना दिली तर चालते का? आणि कर्णबधिर नायिकेची एक इंग्रजी कादंबरी आम्ही चाळली, तर ऐकून वाचणाऱ्यांना ती कधी बोलते आहे आणि कधी खुणा करते आहे तेच कळेना.

ग्रंथपाल_तिसवाडी

आधी कायद्याचे. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली कलम ५२(१)(झेडबी) आले. नेहमीच्या छापील रूपात वाचता न येणाऱ्या अपंग व्यक्तीसाठी कुणीही सुलभ प्रत तयार करू शकतो आणि खासगी वापरासाठी तशा व्यक्तीला देऊ शकतो, नफा न घेता. म्हणजे दोघे दृष्टिहीन सभासद आणि पान उलटू न शकणारा सभासद यांना ती प्रत द्या. डोळस सभासदांनी आणि कर्णबधिर सभासदाने पुस्तक विकत घ्यावे, कारण छापील प्रत त्यांना वाचता येते. संपूर्ण कट्ट्याच्या व्हॉट्सॲप गटावर फाइल टाकणे या सवलतीत बसत नाही.

ऑनलाइन ग्रंथालय म्हणजे सुगम्य पुस्तकालय. २०१६ साली डेझी फोरम ऑफ इंडिया आणि केंद्राच्या दिव्यांगजन सक्षमीकरण विभागाने ते सुरू केले. पुस्तके डेझी (बोलक्या पुस्तकांचे रूप), ईपब आणि ब्रेलसाठीच्या बीआरएफ रूपात मिळतात. नोंदणी करताना फोरमच्या यादीतली एखादी सभासद संस्था निवडायची, अपंगत्वाचा पुरावा जोडायचा, आणि संस्थेने पडताळणी केली की खाते चालू होते. अर्ज अडकतो तो बहुधा इथेच. म्हणून अर्ज भरल्यावर त्या संस्थेला फोन करून कळवा.

सभासदत्व फक्त अंधांना मिळते असा समज आहे, तो चुकीचा. सुलभ प्रतींसाठीच्या मराकेश या आंतरराष्ट्रीय कराराच्या व्याख्येत पुस्तक धरू न शकणारी, पान उलटू न शकणारी व्यक्तीही येते. डिस्लेक्सिया असलेलीही येते. मस्क्युलर डिस्ट्रॉफी असलेल्या तुमच्या सभासदाने जरूर अर्ज करावा. कागदात निदानाबरोबर 'छापील पुस्तक हाताळता येत नाही' असा स्पष्ट उल्लेख डॉक्टरांकडून करून घ्यावा, कारण नुसत्या निदानावरून पडताळणाऱ्याला ते समजत नाही. यूडीआयडी कार्ड (अपंगत्वाचे ओळखपत्र) नसेल तर स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून घ्या, पुढे इतरही कामांना लागते.

या कराराला मान्यता देणारा भारत पहिला देश, २०१४ साली. करार लागू झाला ३० सप्टेंबर २०१६ रोजी. त्यामुळे एका देशात तयार झालेली सुलभ प्रत दुसऱ्या देशात देता येते, आणि अमेरिकेतल्या बुकशेअर या सुलभ पुस्तकांच्या ऑनलाइन ग्रंथालयाचा साठा सुगम्यमधून आपल्यापर्यंत पोचतो. तुमच्या विषयासाठी ही खरी खाण. बुकशेअरच्या प्रगत शोधात 'रोमान्स' आणि 'डिसेबिलिटी-रिलेटेड' हे दोन्ही वर्ग आहेत. एक वर्ग निवडून दुसऱ्याचे शब्द शोधाच्या चौकटीत टाका. मराठी प्रेमकादंबऱ्या तिथे फार नाहीत. हवे असलेले पुस्तक नसेल तर ते सुलभ रूपात करून देण्याची विनंती आपल्या सभासद संस्थेकडे लेखी करा, प्रकाशक आणि आवृत्तीचे वर्ष देऊन.

पणजीत पाटोला कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात ब्रेल विभाग आहे, आणि ताळगावला गोवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात दृष्टिबाधित विद्यार्थ्यांसाठी सोय आहे. जाण्यापूर्वी फोन करा.

कानवाचक_मडगाव

खुणांच्या प्रश्नाचे उत्तर तिरक्या अक्षरांत आहे. इंग्रजी कादंबऱ्यांत खुणांच्या भाषेतले संवाद बहुधा इटॅलिकमध्ये छापतात आणि आवाज इटॅलिक सांगत नाही, म्हणून ऐकणाऱ्याला सगळे संवाद तोंडीच वाटतात. फाइल वर्डमध्ये असेल तर एनव्हीडीए, कंट्रोल आणि डी या कळा एकत्र दाबा. 'डॉक्युमेंट फॉरमॅटिंग' उघडते. तिथे 'फॉन्ट ॲट्रिब्यूट्स' वाचायला लावा, मग प्रत्येक बदल बोलून दाखवला जातो. दर वाक्याला 'इटॅलिक' ऐकून कंटाळा येत असेल तर कुलूप नसलेल्या ईपबला कॅलिबरच्या 'एडिट बुक'मध्ये उघडा आणि इटॅलिकच्या खुणेपाशी 'खूण:' असा शब्द शोधा-बदला वापरून घाला. मनातले विचारही कधी इटॅलिकमध्ये असतात, तेव्हा सरसकट बदलण्याआधी दोन प्रकरणे डोळसाकडून तपासून घ्या.

प्रेमकादंबऱ्यांत आणखी एक गोष्ट हमखास बिघडते. एक प्रकरण तिचे, एक त्याचे, आणि प्रकरणाच्या माथ्यावर नाव असते ते नक्षीदार चित्रात. चित्राला पर्यायी मजकूर नसेल तर आवाज ते गाळतो आणि 'मी' कोण हेच कळत नाही. नमुन्यात दुसरे प्रकरण उघडून शीर्षक ऐकू येते का ते बघाच.

आता हात न वापरण्याबद्दल. फोन किंवा टॅब लवचीक दांड्याच्या स्टँडवर पलंगाला किंवा खुर्चीला अडकवा. बोटात थोडी ताकद असेल तर सेल्फीसाठी मिळणारे ब्लूटूथ बटण स्वस्त आणि पुरेसे. त्यातली बहुतेक बटणे 'आवाज वाढवा' ही कळ पाठवतात. मून प्लस रीडर या वाचनाच्या ॲपमध्ये त्या कळीला 'पुढचे पान' हे काम द्या. किंडल ॲपमध्येही आवाजाच्या कळांनी पान उलटण्याची सोय आहे, पण ती आधी सेटिंग्जमध्ये चालू करावी लागते, आणि एकाच कळीचे बटण तिथे मागे नेते की पुढे ते घेण्याआधी करून पाहा. बटण काही वेळ न वापरल्यास झोपते आणि पुढचा पहिला दाब वाया जातो, तो बिघाड नव्हे.

बोटेही हलत नसतील तर अँड्रॉइड १२ पासून स्विच ॲक्सेसमध्ये कॅमेरा स्विच आहे: भुवया उंचावणे, तोंड उघडणे, हसणे, डावी-उजवीकडे पाहणे यांतली एक हालचाल निवडून कामाला जोडायची. प्रेमकथा वाचताना 'हसणे' निवडू नका, नकळत पाने उलटत राहतात, भुवया ठीक. चेहऱ्यावर समोरून उजेड हवा, मागे खिडकी असेल तर कॅमेऱ्याला हालचाल दिसत नाही. कॅमेरा सतत चालू राहिल्याने बॅटरी भराभर उतरते, चार्जर लावूनच वाचायला बसावे.

शोधयात्री_डिचोली

एक राहिले. पुस्तक ठरवण्याआधी एकाच पुस्तकाचा फुकट नमुना चौघांनी आपापल्या साधनावर उघडावा: टॉकबॅक (अँड्रॉइडचा बोलून वाचणारा प्रोग्रॅम), एनव्हीडीए, ब्लूटूथ बटण आणि नुसते डोळे. किंडलचा नमुना साधारण पहिल्या १० टक्क्यांचा असतो, एवढ्यात दुसरे प्रकरण बहुधा येतेच. चौघांचे जमले की मग पैसे भरा. आणि चर्चेसाठी पान क्रमांक सांगू नका, प्रत्येकाच्या पडद्यावर तो वेगळा पडतो. प्रकरणाचा क्रमांक आणि परिच्छेदाचे पहिले तीन शब्द सांगा; ते शब्द शोधात टाकले की सगळे एकाच जागी पोचतात.